इस्त्रीवालीच्या गोष्टीचा शेवट

आमच्या लायब्ररीत त्यांना संदर्भबाई म्हणत. त्या संदर्भ विभागात होत्या म्हणून नव्हे, तर त्यांना काहीही सांगितलं की "कुठे वाचलंत?" असं विचारायची खोड होती म्हणून. आज फार उकडतंय असं म्हटलं तरी चष्म्यावरून माझ्याकडे बघत, म्हणजे मी बिनपुराव्याचं काहीतरी बोललो. मी तिथला बाइंडर. तळघरात कटर, प्रेस, खळीचं पातेलं आणि मी, असा आमचा चौघांचा संसार एकतीस वर्षं चालला. वरची शिकलेली माणसं खाली फारशी उतरत नसत. बाई उतरत. फाटकं पुस्तक तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर घेऊन येत आणि वर मलाच बजावत, "दादा, शिवण फार घट्ट नको. पान उघडताना ओढलं जातं." मी तीस वर्षं पानं शिवतोय आणि ह्या मला शिकवणार! पण ऐकावं लागे, कारण त्या बरोबर असत. जन्मभर बरोबर असणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग येतो.

लोककथा हा त्यांचा खास प्रांत. एकदा एक गृहस्थ आले. त्यांच्या आजीच्या अंगाईगीतातले फक्त दोन शब्द त्यांना आठवत होते, तेही धड नाही. बाईंनी चार दिवसांत अख्खं गाणं काढून हातात ठेवलं. ते गृहस्थ वाचनकक्षात सगळ्यांसमोर ढसाढसा रडले आणि बाई त्यांना हळू आवाजात म्हणाल्या, "इथे शांतता पाळतात." अशा त्या. मनातून हलल्या होत्या, ते मला नंतर कळलं, कारण चहाचा कप त्यांनी माझ्या खळीच्या पातेल्यात ठेवला.

घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. वडील त्या दोन वर्षांच्या असताना गेले. आईने गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकलं आणि लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत मुलगी वाढवली, शिकवली, लायब्ररीत चिकटवली. हात इस्त्रीवर आणि तोंड गोष्टीत, अशी ती आई होती. आसपासची पोरं टेबलाखाली बसून ऐकायची. मी एकदा घरी गेलो तेव्हा आधी माझ्या कॉलरकडे बघून तिने नाक मुरडलं, मग शर्ट काढायला लावला, आणि तो कडक होईस्तोवर मलाही एक गोष्ट सांगितली. बनियनवर बसून मी ती तोंड उघडं टाकून ऐकली.

ही आई मुलीला अधूनमधून विचारायची, "माझी गोष्ट आहे ना गं तुमच्या लायब्ररीत?" बाई लहान असताना गल्लीत एक संशोधक बाई यायची, कपड्यांच्या ढिगावर बसून आईच्या गोष्टी लिहून न्यायची. आईला त्याचा फार अभिमान. बाई म्हणायच्या, "असेल गं. चार हजार गोष्टी आहेत तिथे." जगाच्या आज्यांची गाणी शोधून देणाऱ्या बाईंनी आईची गोष्ट एकदाही काढून बघितली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दोन वर्षांपूर्वी आईची आठवण जायला लागली. आधी किल्ल्या गेल्या, मग वार गेले, मग एक दिवस मुलगी गेली. रोज अंघोळ घालणारी, केस विंचरणारी ही बाई कोण, हे आईला कळेना. पण ती तिच्याशी फार सभ्यपणे वागायची. "तुम्हाला त्रास पडतो हो माझा," असं म्हणायची. बाई हे मला सांगताना दुसरीकडे बघत.

सगळं गेलं आणि एक गोष्ट मागे राहिली. तीही अर्धी. एका घरात आई आजारी आहे आणि चूल विझली आहे. मुलगी नदीपलीकडे विस्तव मागायला जाते. पलीकडच्या म्हातारीकडे विस्तव आहे, पण फुकट देईल ती म्हातारी कसली! आधी अंगण झाडून घेते, मग पाणी भरून घेते, मग पाय चेपून घेते, आणि शेवटी मातीच्या वाडग्यात एवढासा निखारा देते. मुलगी धावत काठावर येते, तर नाव निघून गेलेली. अंधारून आलंय, हातात वाडगं, निखाऱ्यावर राख चढत चाललीय.

इथे आई थांबायची. पुढचं तिला आठवत नव्हतं, आणि न आठवलेलं सोडूनही देता येत नव्हतं. ताट समोर आलं की ती बाजूला सारायची. "ती पोर तिकडे काठावर उभी आहे, मी कशी जेवू?" सुरुवातीला समजूत घालून चार घास जात. मग दोन. मग पाण्याचा पेलासुद्धा हाताने मागे लोटायला लागली. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. म्हणाले, "पोटात गेलं तर राहतील. नळीने भरवून या वयात किती दिवस काढायचे, ते तुम्हीच ठरवा." आईचं वजन चौतीस किलोवर आलं होतं.

"तुम्हाला नाही आठवत शेवट?" मी बाईंना विचारलं.

"म्हातारी आठवते. वाडगं आठवतं. पुढे कोरं आहे, दादा. सात-आठ वर्षांची झाल्यावर मी ऐकायचंच सोडलं. मैत्रिणी यायच्या, आणि आई रस्त्यावर उभी राहून हातवारे करत गोष्टी सांगायची. मला लाज वाटायची."

"मग मारा की थाप. नाव परत आली म्हणा, पोर घरी गेली, संपलं."

"आधाराशिवाय?" त्या म्हणाल्या. पण गरज माणसाला काय काय करायला लावते. त्याच संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं की नावाडी परत आला. आई म्हणाली, "परत येणारी नाव असती तर गोष्ट कशाला झाली असती?" आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

मग बाईंनी जिवाचं रान केलं. आमच्या लोककथा विभागात त्या संशोधक बाईने जमवलेल्या गोष्टींतून निवडलेले सहा खंड आहेत. त्यात दोनशे बाराव्या क्रमांकाला विस्तव आणणारी मुलगी सापडली. तिथे काठावर घोड्यावरून राजा येतो आणि तिला घेऊन जातो. बाईंनी ती वाचून दाखवली. आई सगळं ऐकून म्हणाली, "आणि घरी आजारी पडलेली आई? ती मेली का?" बाईंनी खंड मिटला.

बाई कॉम्प्युटर पन्नाशीनंतर शिकलेल्या. एका बोटाने टाइप करायच्या, पण ते एक बोट जगभर फिरून यायचं. विद्यापीठांची दप्तरं, जुन्या मासिकांचे स्कॅन, परगावच्या लायब्ऱ्यांच्या याद्या. स्कॅन केलेल्या पुस्तकांत अक्षरं धड उमटलेली नसत, म्हणून 'विस्तव' शोधून भागत नसे. मग 'निखारा', 'आग', 'इंगळ', 'चूल', असं एकेक शोधत बसत. जगभरच्या गोष्टींना पंडितांनी नंबर लावलेले असतात म्हणे. त्या नंबराची गोष्ट ज्यांनी जमवली होती, अशा एकोणीस अनोळखी माणसांना त्यांनी पत्रं धाडली. बाराजणांनी उत्तरं दिली. एकाने लिहिलं, 'माझी मावशीही सांगायची, तुम्हाला शेवट सापडला तर मलाही कळवा.' व्हिडिओ तर ढिगाने निघाले. एकात गुलाबी गालांची मुलगी कासवाच्या पाठीवर बसून नदी ओलांडते आणि शेवटी प्राण्यांवर दया करा असं सांगते. तो बघून आई चिडली. "कुठलं कासव? ती एकटी होती!"

बाईंनी यासाठी एक वही केली होती. तारीख, गोष्ट कुठे मिळाली, शेवट काय, आणि शेवटच्या रकान्यात 'आईचा अभिप्राय'. मी ती वही पाहिली आहे. सदतीस नोंदी होत्या आणि शेवटच्या रकान्यात सदतीस वेळा एकच शब्द होता, 'नव्हे'.

आईची मूळ गोष्ट आमच्याच कपाटात असणार, हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. पण संशोधक बाईच्या कार्डांवर गोष्टीचा नंबर आणि मथळा असे, सांगणाऱ्यांची नावं नव्हती; गोष्ट वेगळ्या कागदांवर टाइप केलेली असे. ज्या नंबरांचे टाइप केलेले कागद शिल्लक होते ते सगळे त्यांनी वाचून काढले. त्यांत आईची गोष्ट नव्हती. आईला चुकीचं आठवत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग साहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रंथपालांनी, नवीन स्कॅनर घेतला. जुनी कार्डं इंटरनेटवर चढवायची होती. हे यंत्र कार्डाच्या दोन्ही बाजू एका दमात टिपायचं. बाईंनी ती कार्डं तीस वर्षं हाताळली होती, पण पुढच्या बाजूने. पाठीमागे काय आहे ते बघायची कधी पद्धतच नव्हती.

एका दुपारी त्या तळघरात आल्या. हातात पुस्तक नव्हतं, एक कार्ड होतं. ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसल्या. कार्डावर लिहिलं होतं: 'क्र. १८८७. विस्तव आणायला गेलेली मुलगी. २१२ शी समान. प्रत रद्द.' 'प्रत रद्द'चं अक्षर मी ओळखलं, बाईंचंच. रोज बघत होतो.

"उलटा," त्या म्हणाल्या.

मागे संशोधक बाईच्या बारीक अक्षरात होतं: 'सांगणारी: इस्त्रीवाली. वय २९. विधवा. एक मुलगी. पाण्याच्या टाकीमागची गल्ली.'

झालं होतं ते असं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. कपाटं भरून वाहत होती. तेव्हाच्या साहेबांनी हुकूम काढला की एका गोष्टीची एकच प्रत ठेवायची, सारख्या गोष्टी रद्द करायच्या. चार हजार कार्डं, दोन महिने. बाई नव्या होत्या, हुशार होत्या, काम वेळेआधी संपवून शाबासकी मिळवली होती. कार्डाची पुढची बाजू वाचायची, सारखी दिसली की 'प्रत रद्द' लिहायचं आणि कागदांचा गठ्ठा बाजूला काढायचा. आताच्या शोधातही '२१२ शी समान' म्हणून ते कार्ड त्यांनी सोडून दिलं होतं.

"मीच टाकली, दादा," त्या म्हणाल्या. "ती विचारत होती तेव्हा ती इथे नव्हतीच. मी टाकून दिली होती. आणि मी तिला म्हणत होते, असेल गं."

ते गठ्ठे कुठे गेले ते मला माहीत होतं. मी त्याच वर्षी नोकरीला लागलो होतो. पुस्तकाची पाठ भक्कम व्हावी म्हणून तिला आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. कोरा कागद त्यासाठी कोण वाया घालवतो? रद्द झालेले गठ्ठे माझ्याकडेच आले. कटरवर ठेवून मी त्यांच्या चार-चार बोटं रुंदीच्या पट्ट्या पाडल्या आणि वर्षभर वापरल्या. कागद चांगला जाड होता, मी खूशही झालो होतो. चूक बाईंची होती, पण सुरी माझी होती.

मी त्यांना हे सांगितलं. वाटलं होतं आता ओरडतील. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणत्या पुस्तकांत?"

बांधणी झाली की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बारीक तारीख घालायची माझी सवय. त्या वर्षीची पुस्तकं शोधायला आम्हाला तीन दिवस लागले. एकशे चाळीस अजून शेल्फवर होती. चांगली पुस्तकं अशी उसवणं म्हणजे नोकरी घालवायचं काम. मी साहेबांना सांगितलं, पाठी सुटल्या आहेत, पुन्हा बांधतो. साहेब म्हणाले, "एकदम एवढ्या?" मी म्हटलं, "तेव्हा नवशिका होतो." स्वतःच्या कामाची अशी बदनामी मी आयुष्यात कुणासाठी केली नव्हती.

जेवणाच्या सुटीत आम्ही बसायचो. पुठ्ठा सोडवायचा, पाठीवर ओलं फडकं ठेवायचं, खळ मऊ पडेपर्यंत थांबायचं, मग हाडाच्या पट्टीने कागद अलगद उचलायचा. घाई केली की अक्षरं खळीबरोबर निघून येतात. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकं फाडली. रोज दुसऱ्यांच्याच गोष्टींचे तुकडे निघायचे. कुठे बिनडोक्याचा राजा, कुठे सासूला खाणारा भोपळा. "घ्या, आज कोल्हा आला," असं म्हणून मी हसवायला बघायचो. घरी आई आता चमचाभर पाणी घेत होती.

अकराव्या दिवशी एका शब्दकोशाच्या पाठीतून 'वाडगं' निघालं. त्यानंतर पट्ट्या येत गेल्या. '...म्हातारी म्हणाली पाय चेप...', '...नाव गेलेली पाहून मुलीने हाक मारली पण...' बाईंनी त्या काचेखाली मांडल्या. आईचं बोलणं जसंच्या तसं होतं. एका ठिकाणी कंसात लिहिलं होतं, '(इथे सांगणारी इस्त्री खाली ठेवते.)' ते वाचून बाई रडल्या. मी खळ ढवळत राहिलो.

शेवटचे दोन तुकडे पाणीपुरवठ्याच्या वार्षिक अहवालात होते. तो तीस वर्षांत कुणी उघडलेला नव्हता, त्यामुळे कागद नवा करकरीत होता. बाईंनी दोन्ही पट्ट्या एकाखाली एक लावल्या. गोष्ट तिथेही काठावरच थांबत होती. तिच्याखाली एक टीप टाइप केलेली होती. ती मला पाठ आहे.

'शेवट नोंदवलेला नाही. सांगणारीच्या आईच्या गोष्टीत मुलगी काठावरच राहते व निखारा विझतो. सांगणारीची मुलगी पाच वर्षांची असताना हे ऐकून फार रडली, व तिने स्वतःच्या मनाने मुलीला घरी पोचवले. तेव्हापासून सांगणारी तोच शेवट सांगते. हा शेवट मुलीने रचलेला, परंपरेतला नव्हे, म्हणून घेतला नाही.'

बाईंनी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी?"

सदतीस शेवट त्यांनी जगभरातून गोळा केले होते आणि अडतिसावा त्यांच्याच डोक्यात होता, म्हणजे एकेकाळी होता. त्या स्टुलावर बसून आठवायला लागल्या. डोळे मिटून, कपाळ दाबून. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "काही नाही हो दादा. काहीच नाही आहे तिथे." इतकं रिकामं झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

त्यांना एकट्यांना सोडवेना म्हणून मी घरी पोचवायला गेलो. दुपारचे साडेचार झाले असतील. आई खिडकीशी उशांना टेकवून बसवलेली होती. इतकी लहान झाली होती की खुर्चीत शेजारी आणखी कुणी बसू शकलं असतं. दिवसा सांभाळायला असलेल्या मावशींनी पेज कालवून ठेवली होती. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, सकाळपासून काही नाही.

बाई आईच्या पायांशी जमिनीवर बसल्या. ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, ती लहान मुलीसारखं विचारायला लागली. "आई, ती काठावरची मुलगी. मी तिला घरी आणलं होतं ना गं? कसं आणलं होतं? सांग ना. नाव नव्हती, कुणी नव्हतं, मग मी काय केलं होतं?"

आईचा चेहरा एकदम उजळला. दोन वर्षांत असा झाला नसेल. मला वाटलं, आली, गोष्ट आली. मी दाराची चौकट घट्ट धरली.

"तुम्हाला कसं माहीत असणार?" आई म्हणाली. "ते माझ्या मुलीचं आहे. तिनेच आणलं त्या पोरीला. मला नाही सांगता येत तिच्यासारखं." मग बाईंच्या डोक्यावर हात ठेवून, परक्या माणसाला ठेवावा तसा जपून, म्हणाली, "रडू नका. ती शाळेतून आली की सांगेल तुम्हाला. मग आपण सगळ्याच जेवू."

बाईंनी पेजेवर झाकण ठेवलं आणि "बरं" म्हणाल्या.

त्यानंतर आई सतरा दिवस होती. बाई रजा घेऊन रोज तिच्याजवळ बसायच्या आणि दोघी दाराकडे बघायच्या. सतरा दिवसांत ती मुलगी काही शाळेतून आली नाही.